तेजोमेघाच्या फोटोतले धुळीचे डाग घालवायला जुनं धोतर

तुरीच्या राशी चालू असताना मराठवाड्यात हवेत धूळ असतेच. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या चमकत्या ढगाचे, फोटो एकत्र करून उजळले, की तीच धूळ कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेली असली तर काळपट गोल डागांसारखी दिसते, कोपरेही काळवंडतात. हाताने डाग पुसत बसू नका, त्यात तेजोमेघाचे खरे बारकावे जातात. पहाटे ‘फ्लॅट’ घ्या, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो; त्यांवरून सॉफ्टवेअर डाग ओळखून काढतं:

१. तांबडं फुटलं की लेन्सवर (कॅमेरा दुर्बिणीला लावला असेल तर तिच्या तोंडावर) धुतलेल्या पांढऱ्या धोतराची दुहेरी घडी ताणून बसवा. सुरकुती नको.
२. कॅमेरा डोक्यावरच्या आकाशाकडे करा. आयएसओ आणि अ‍ॅपर्चर रात्रीचंच. शटर असं ठेवा की हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा मधोमध येईल.
३. पंचवीस-तीस फोटो काढा. मग टोपण लावून त्याच शटरवर तेवढेच.
४. डीपस्कायस्टॅकर या फोटो एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रात्रीच्या फोटोंबरोबर पहिले ‘फ्लॅट’ म्हणून, टोपणाचे ‘डार्क फ्लॅट’ म्हणून द्या. सॉफ्टवेअर मोफत आहे.

एवढ्याने कोपरे सारखे होतात आणि मेघाची फिकट कडा आणखी उजळायला मोकळीक मिळते. माझ्या मते महागड्या फिल्टरआधी हे करावं.

मात्र रात्रीपासून फ्लॅट होईपर्यंत फोकस हलवू नका, कॅमेरा दुर्बिणीवरून काढू किंवा फिरवू नका. डागांची जागा बदलली, तर जुने जात नाहीत आणि नवे उमटतात.