ल्युबितेल-2 : घट्ट झालेलं फोकस कसं सोडवलं

लेनिनग्राडच्या लोमो कारखान्याचा हा बॅकेलाइटचा (जुन्या कडक प्लास्टिकचा) दोन भिंगी कॅमेरा; वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्समधून फोटो निघतो. 120 च्या फिल्म रोलवर 6×6 सेंमीचे बारा फोटो. खालची टी-22 लेन्स 75 मिमी, एफ/4.5, तीन काचांची; कडेला किंचित मऊ, पण मधे सुरेख धार देते.

माझ्याकडच्या कॅमेऱ्याचं फोकस फिरतच नव्हतं. लेन्सच्या आट्यांमधलं जुनं ग्रीस वाळून चिकट झालं होतं. जोर अजिबात लावू नका, कारण वरची आणि खालची लेन्स दातेरी कड्यांनी एकमेकींना जोडलेली असते.

खालच्या लेन्सच्या कड्यावरचे तीन बारीक स्क्रू सैल करून कडं काढलं, पुढची काच आटे उलगडत बाहेर घेतली. आटे जिथे सुटतात तिथे आधी खूण करा. लायटरच्या पेट्रोलने आटे पुसले, नवं ग्रीस अगदी नावापुरतं लावलं.

खरं काम पुढेच आहे. मागचं झाकण उघडून फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर धुरकट काच टेकवली, शटर ‘बी’वर (दाबून ठेवलं तोवर उघडं) केबलने उघडं धरलं, छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे एफ/4.5. दूरचा मोबाइल टॉवर काचेवर स्वच्छ दिसेपर्यंत पुढची काच फिरवली. मग कडं अनंताच्या (सर्वांत दूरच्या फोकसच्या, ∞) खुणेवर बसवून स्क्रू आवळले. वरची लेन्सही त्याच टॉवरवर जुळवली; व्ह्यूफाइंडरच्या मधल्या धुरकट ठिपक्यातच फोकस कळतं, म्हणून झाकणातलं भिंग वापराच.

शटर आणि रोल एकमेकांना जोडलेले नाहीत. प्रत्येक फोटोनंतर लाल खिडकीत आकडा बघून रोल लगेच पुढे घ्या, नाहीतर एकावर एक फोटो येतो.