खजूर-सुकामेव्याचे लाडू: कढई चढवण्यापूर्वीची तयारी

गेल्या जुलैमध्ये मुलगा पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला निघाला, तेव्हा शिदोरीसाठी मी आदल्या रात्री घाईघाईने खजूर-सुकामेव्याचे लाडू वळले, आणि सकाळी डबा उघडला तर लाडवांऐवजी कागदाला चिकटलेला एकच तेलकट गोळा निघाला. जिन्नस उत्तम होते. भाजलेला सुकामेवा गार होऊ न देता मिक्सरमध्ये घातला, एवढीच चूक होती. त्यामुळे पुढे हे एक कलम पुन्हा पुन्हा आले, तर ते नजरचुकीने आलेले नाही.

सामान कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात एका फेरीत मिळते. बी काढून अर्धा किलो भरेल इतका मऊ काळा खजूर घ्यावा, खारीक नव्हे. पाकिटावर ‘बिनबियांचा’ असे छापलेले असले, तरी प्रत्येक खजूर उभा चिरून पाहावा, कारण बीचा एखादा तुकडा राहून जातो, क्वचित आत अळी किंवा काळी भुकटी निघते, आणि एकदा वाटल्यावर यातले काहीच ओळखू येत नाही. धुवायचा असेल तर सकाळीच धुऊन, पुसून, पंख्याखाली पूर्ण कोरडा करावा. ओल राहिली की बुरशी आलीच. फ्रीजमधल्या खोक्यांतून विकला जाणारा इराणी खजूर फार ओलसर असतो. तोच मिळाला तर तुपावर अधिक वेळ परतावा आणि दोन चमचे खारीक पूड जवळ ठेवावी. ती ओल शोषून घेते.

बदाम १२५ ग्रॅम, काजू १०० ग्रॅम, अक्रोड ७५ ग्रॅम, दोन चमचे खसखस, दोन चमचे तूप, वेलदोडा. अक्रोड मात्र दुकानातच एक चाखून घ्यावा, कारण तो सर्वांत लवकर खवट होतो आणि एक खवट अक्रोड सगळा घाणा बिघडवतो. गूळ किती, असे कोल्हापुरात कोणीतरी विचारणारच. गूळ घालायचा नाही. खजुराचे निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच असते, त्यामुळे ‘यात साखर नाही’ असे सांगून मधुमेह असलेल्या माणसाच्या ताटात चार लाडू वाढणे हा शुद्ध अविचार आहे.

आता भांडी. जाड बुडाची कढई आणि मिक्सरचे कोरडे भांडे सर्वांना सुचते. सुचत नाही ती मोठी परात, आणि मला ती सुचली नव्हती. बदाम, काजू, अक्रोड वेगवेगळे मंद आचेवर भाजावेत, खसखस शेवटी, आणि प्रत्येक जिन्नस कढईतून उतरताच परातीत एकेरी पसरावा. गरम कढईतच ठेवू नये, ढीग करू नये, झाकू नये. गार होऊ द्यावा. सुकामेव्यात तेल भरपूर असते. ते उष्णतेने पातळ होते, त्यात मिक्सरच्या पात्याची उष्णता मिसळते आणि भरडीऐवजी लगदा तयार होतो. झाकणाखाली वाफ धरते ती वेगळीच. मग त्या तेलावर खजूर धरत नाही, आणि आपण धरावा म्हणून आणखी खजूर घालत बसतो, जसे मी घातले. वरून गार लागले तरी बदाम आतून गरम असतो, तोडून पाहावा. पंख्याखाली पाऊण तास तरी द्यावा. मात्र पावसाळ्यात रात्रभर उघडे ठेवू नये, सादळते. गार झाले की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. हा पाऊण तास हाताशी नसेल, तर लाडू त्या दिवशी करूच नयेत.

पुढचे सोपे आहे. गार सुकामेवा दोन-दोन सेकंद फिरवून थांबत भरडावा, खजूर तुपावर मऊ होईपर्यंत परतून चेचावा, वेलदोड्यासह सारे एकत्र करून कोमट असतानाच वळावे, खसखशीत घोळवावे. वीस ग्रॅमचे साधारण चाळीस लाडू होतात. बाहेर आठवडाभर, त्यापुढे फ्रीजमध्ये. कोणाला काजू-अक्रोड चालत नसतील, तर आधी विचारावे. आणि डब्यात भरताना लाडूही गारच असावेत.