पुण्यात घरचं लॉन किती दिवसांनी कापावं?

पाऊस स्थिरावला की शेजारीपाजारी एकच विषय निघतो: लॉन किती दिवसांनी कापायचं? कुणी दर रविवारी म्हणतं, कुणी महिन्यातून दोनदा. माळीकाकांच्या फेऱ्या तर बारा महिने ठरलेल्या वारीच होतात. माझं मत विचाराल तर वार ठरवूच नका, उंची ठरवा. तेच गवत पुण्यात जुलैमध्ये आठवड्यात बोट-दीड बोट वाढतं आणि जानेवारीत महिनाभर जागचं हलत नाही. दोन्ही वेळा एकच वेळापत्रक लावलं तर एकदा तरी ते चुकणारच.

एका वर्षी मी आषाढी वारीला गेलो आणि तीन आठवड्यांनी परतलो. अंगणातली हरळी घोट्याच्या वर गेली होती. त्याच संध्याकाळी मशीन सगळ्यात खालच्या खाचेवर लावून सगळं सपाट केलं. खाली हिरवं पान उरलंच नाही, नुसते पिवळट देठ दिसत होते. गवत सावरायला दीड महिना लागला आणि तेवढ्यात उघड्या मातीतून लव्हाळा वर आला. तो एकदा शिरला की सहज जात नाही. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळच असते आणि एक गाठ मागे राहिली तरी तिथून नवा कोंब येतो.

असं का होतं, हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. गवत शेंड्याकडून नाही, बुडाकडून वाढतं. म्हणून तर ते गाईगुरांनी चरलं तरी पुन्हा फुटतं. पण अन्न तयार होतं पानात. एका दमात बहुतेक पानं काढून घेतली की मुळांना मिळणारं अन्न थांबतं, मुळं आखूड राहतात आणि मग दोन दिवस पाणी चुकलं तरी लॉन करपतं. म्हणून एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच कापायचं नाही. बाकी सगळं या एका नियमातून निघतं.

आधी गवत ओळखा

पातळ पान आणि जमिनीवर धावणाऱ्या काड्या असतील तर ते हरळीच्या जातीचं. नर्सरीत ‘सिलेक्शन नंबर वन’ म्हणून मिळतं तेही यातलंच. याला 3 ते 4 सेंमी उंची छान मानवते. गडद, दाट, पायाला किंचित टोचणारं ते बहुतेक मेक्सिकन. त्याचीही उंची साधारण तेवढीच ठेवा, पण ते वाढतं बरंच सावकाश, म्हणून कापणीही कमी लागते. झाडाखाली लावतात ते रुंद पानाचं गवत मात्र 6-7 सेंमी राहू द्या. सावलीत अन्न करायला त्याला पान जास्त लागतं.

मग मोजा

नजरेवर जाऊ नका. मुलांच्या दप्तरातली पट्टी घ्या. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद तळहाताएवढा कापून त्याच्या मध्यभागी पट्टी जाईल एवढी चीर पाडा. पट्टी मातीला टेकवून उभी धरा आणि कागद वरून अलगद सोडा. तो गवताच्या शेंड्यांवर जिथे टेकेल तो आकडा वाचा. पट्टीवरचा शून्य टोकापासून थोडा वर असतो, तेवढं अंतर त्यात मिळवा. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. नळाजवळचं गवत नेहमी उंच भरतं आणि फरशीच्या कडेचं बुटकं, त्यामुळे एकाच जागी मोजून भागत नाही.

4 सेंमी ठेवायचं ठरलं असेल तर 6 सेंमी भरल्यावर मशीन फिरवा. 3 सेंमी ठेवायचं असेल तर साडेचारला. मशीनची उंची लावतानाही अंदाज नको. सपाट फरशीवर ठेवून, विजेचं असेल तर आधी प्लग काढून, फरशीपासून पात्यापर्यंत मोजा.

पुण्याच्या हवेत हे किती दिवसांनी येतं?

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर हरळी 5 ते 7 दिवसांनी कापावी लागते, मेक्सिकन 10 ते 15 दिवसांनी. ऑक्टोबरमध्ये ऊन तापतं, पण जमिनीत ओल असते. तेव्हा हरळीला 8-10 दिवस पुरतात. दिवाळीनंतर वेग उतरतो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10-12 अंशांवर आला की गवत जवळजवळ झोपतं. त्या दोन महिन्यांत एखाद-दोन कापण्या पुष्कळ होतात. गवत थोडं पिवळसर दिसलं म्हणून घाबरून खत ओतू नका. फेब्रुवारीत ऊब आली की ते आपणच जागं होतं. मग मार्चपर्यंत 10 ते 15 दिवसांचं अंतर चालतं.

एप्रिल-मे जपून. पाणी नियमित असेल तर वाढ जोरात होते, पण तेव्हा उंची नेहमीपेक्षा एक सेंमी जास्त ठेवा. त्या जास्तीच्या पानांची सावली मातीवर पडते आणि ओल टिकते. पाणीकपात लागली आणि लॉन सुकायला लागलं, तर कापणं थांबवा. तहानलेल्या गवतावर मशीन फिरवणं म्हणजे आजाऱ्याला उपास घडवण्यासारखं आहे.

हे सगळे दिवस अंदाजाचे. शेवटचा शब्द पट्टीचा.

प्रत्यक्ष कापताना

आधी लॉनवरून एक चक्कर मारा. खडे, कैरीच्या कोयी, मुलांची खेळणी, पाण्याचा पाइप, सगळं उचला. चपला नकोत, बंद बूट हवेत. पावसाळ्यात उंच गवतात साप असू शकतो आणि पुण्याच्या आसपास घोणस सापडते, म्हणून कापण्याआधी काठीने गवत हलवून घ्या.

गवत कोरडं हवं. ओलं पान नीट कापलं जात नाही, त्याचे गोळे होऊन मशीनमध्ये अडकतात, आणि विजेचं मशीन असेल तर शॉकची भीती असते. श्रावणात अशी वेळ साधणं अवघड, हे मान्य. पण ऊन-पावसाच्या खेळात तीन-चार तासांची उघडीप मिळतेच. ती मिळाली की दुसरी कामं बाजूला ठेवा. इतर दिवसांत दव वाळल्यावर सकाळी किंवा ऊन उतरल्यावर संध्याकाळी कापा.

धारेकडे लक्ष द्या. कापल्यावर दुसऱ्या दिवशी लॉनवर करडी छटा दिसली तर खाली बसून एक पान हातात घ्या. टोक सरळ कापलेलं नसेल, दोऱ्याच्या सुटलेल्या टोकासारखं पिंजलेलं असेल, तर पातं बोथट झालंय. अशा टोकांतून पाणी जातं आणि रोगही शिरतो. तीन-चारशे चौरस फुटांसाठी हाताने ढकलायचं, फिरत्या गोल पात्यांचं ‘सिलेंडर’ मशीन पुरतं. ते कात्रीसारखं कापतं, आवाज कमी आणि बिलही नाही. बोहरी आळीत चौकशी केलीत तर धार लावण्याचं सामान मिळेल. कडेला कात्रीच चालवावी.

दर वेळी दिशा बदला, आज लांबीला तर पुढच्या वेळी रुंदीला. एकाच दिशेने फिरवत राहिलं की गवत त्या बाजूला झोपतं.

नियमित कापत असाल तर चुरा तिथेच राहू द्या. तो बारीक असतो, लवकर कुजतो आणि त्यातला नत्र मातीला परत मिळतो. लांब कापलेलं गवत मात्र उचला. कंपोस्टमध्ये टाकताना वाळक्या पानांचे थर मध्ये द्या, नाहीतर लगदा होऊन वास सुटतो.

फार वाढलं असेल तर

माझ्यासारखं एका दिवसात उरकू नका. मशीन सगळ्यात वरच्या खाचेवर ठेवून पहिली फेरी मारा. चार-पाच दिवस जाऊ द्या, मग एक खाच खाली. 12 सेंमीवरून 4 वर यायला असे तीन टप्पे लागतात: आधी 8, मग साडेपाच, मग 4. मधल्या दिवसांत गवत थोडं वाढेल, म्हणून एखादा टप्पा जास्तही लागू शकतो.

आणि लॉन साध्या हरळीचं असेल तर एक कोपरा गणपतीसाठी राखून ठेवा. हरळी म्हणजेच दूर्वा. चतुर्थीच्या तीन आठवडे आधीपासून तिथे मशीन नेऊ नका, तणनाशक तर अजिबात नको. कोवळे, तीन पानांचे तुरे आपोआप येतात आणि एकवीसची जुडी घरच्या घरी होते. विसर्जन झालं की तोही कोपरा असाच टप्प्याटप्प्याने खाली आणा.