घरच्या राउटरवर व्हीपीएन बसवताना या चुका टाळा

घरातील प्रत्येक फोनवर आणि लॅपटॉपवर स्वतंत्र ॲप टाकण्यापेक्षा थेट राउटरवरच व्हीपीएन (वाहतूक एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करून दुसऱ्या ठिकाणी नेणारी खासगी वाट) बसवावे, हा विचार योग्य आहे. ज्या टीव्हीवर किंवा कॅमेऱ्यावर असे ॲप मुळी चालतच नाही, तीही उपकरणे त्यामुळे सुरक्षित होतात. मात्र ॲपमध्ये जे निर्णय सेवा देणारी कंपनी आपल्या वतीने परस्पर घेत असते, ते राउटरवर आपल्याला घ्यावे लागतात, आणि घोटाळा होतो तो तिथेच. ‘व्हीपीएन चालत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी गेल्यास व्हीपीएन स्वतः क्वचितच बिघडलेले आढळते. बिघाड असतो तो त्याच्या खालच्या जोडणीत, पत्त्यात, घड्याळात किंवा पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या तुकड्याच्या, आकारात. म्हणून एका दमात चार सेटिंग बदलून पाहण्याऐवजी खालून वर, एकेक थर तपासत जावे.

दिशा न ठरवता सुरुवात करणे

राउटरवरील व्हीपीएन दोन निरनिराळ्या कामांसाठी असते. पहिल्यात राउटर हा क्लायंट असतो आणि घरातील सर्व वाहतूक बाहेरच्या एखाद्या सर्व्हरकडे पाठवतो. दुसऱ्यात राउटर स्वतःच सर्व्हर असतो, म्हणजे पुण्याला गेलेल्या व्यक्तीला मुलुंडच्या घरातील हार्ड डिस्क किंवा कॅमेरा सुरक्षितपणे पाहता येतो. घरचा कॅमेरा बाहेरून पाहण्यासाठी व्हीपीएन कंपनीचे वर्षभराचे पैसे भरून बसलेली माणसे कमी नाहीत. त्या वर्गणीचा या कामाशी काहीही संबंध नसतो.

आपल्याला मिळालेला पत्ता न तपासणे

मुंबईत फायबर कंपनी घरात जी पेटी बसवून देते, ती बहुधा स्वतःच राउटर असते. तिच्या मागे आपला राउटर जोडला की एकामागे एक असे दोन राउटर होतात. क्लायंटच्या कामाला याने सहसा अडथळा येत नाही, पण एक अपवाद वारंवार आढळतो: दोन्ही पेट्या मूळ सेटिंगनुसार १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन बसतात, आणि आपल्या राउटरला आत कोणती बाजू व बाहेर कोणती, हेच कळेनासे होते. आपल्या राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.७३.१ असा काहीतरी वेगळा ठेवल्यास हा प्रश्न सुटतो. त्याचा आणखी एक फायदा आहे. बाहेरून घरी जोडू पाहणारी व्यक्ती ज्या हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे बसलेली असते, तिथेही १९२.१६८.१ हीच मालिका असण्याची शक्यता दाट असते. दोन्हीकडे एकच मालिका असली तर टनेल, म्हणजे व्हीपीएनची वाट, जोडले जाते, पण घरातले एकही उपकरण सापडत नाही.

राउटरला सर्व्हर करायचे असेल तर मामला अधिक गंभीर होतो. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन’ (राउटरची बाहेरची बाजू) या नावापुढे जो पत्ता दिसतो, तो आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता, हे दोन्ही आधी शेजारी शेजारी लिहून काढावेत. लालबागच्या एका इमारतीत गच्चीवरील पेटीतल्या स्विचमधून घरोघरी लॅन केबल उतरवलेली आहे. तिथल्या एका घरात वॅनचा पत्ता १० या आकड्याने सुरू होत होता आणि संकेतस्थळावर दिसणारा पत्ता निराळाच होता. म्हणजे अनेक घरे मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरत होती. ग्राहक सेवेकडून मात्र ‘तुमच्या राउटरवर पोर्ट उघडा, चालेल’ असे ठरलेले उत्तर येत राहिले. अशा जोडणीवर आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे आत येण्याची दारे, उघडली तरी बाहेरून येणारी विनंती कंपनीच्या दारातच थांबते.

वॅनचा पत्ता १९२.१६८ ने, १० ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ या टप्प्यातील आकड्यांनी सुरू होत असेल तर तो खासगी असतो. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा टप्पा तर २०१२ साली खास अशा सामाईक वापरासाठीच राखून ठेवण्यात आला, आणि तो सार्वजनिक पत्त्यासारखा दिसत असल्यामुळे भलेभले फसतात. यांपैकी काही आढळल्यास आधी पाहावे की तो पत्ता घरातल्याच फायबरच्या पेटीने दिलेला आहे का. तसे असेल आणि त्या पेटीला स्वतःला सार्वजनिक पत्ता मिळत असेल, तर कंपनीकडून तिला ब्रिज मोडवर (राउटरचे काम न करता जोडणी केवळ पुढे देण्यावर) टाकून घ्यावे. पेटीलाच खासगी पत्ता मिळत असेल, तर जादा शुल्क भरून कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा, किंवा दोन्ही टोकांना आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) मिळत असल्यास त्याच्या आधारे जोडणी करावी. तेही शक्य नसेल तर एखाद्या डेटा सेंटरमधील लहानसा सर्व्हर भाड्याने घेऊन घरच्या राउटरनेच त्याच्याकडे बाहेर जोडून घ्यावे. वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीत अशा वेळी ‘परसिस्टंट कीपअलाइव्ह’ची किंमत २५ सेकंद ठेवतात, म्हणजे मधल्या यंत्रणा ती जोडणी विसरत नाहीत.

घड्याळाकडे दुर्लक्ष करणे

ही चूक सर्वांत फसवी आहे. घरगुती राउटरमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी सहसा नसते. वीज जाऊन आली की राउटरच्या मते साल १९७० असते, किंवा सेटिंग शेवटची जतन केली त्या दिवशी घड्याळ जाऊन थांबते. इंटरनेटवरून वेळ मिळाल्यावरच ते दुरुस्त होते. ओपनव्हीपीएन ही दुसरी पद्धत सर्व्हरच्या सर्टिफिकेटची, म्हणजे ओळखपत्राची, मुदत तपासते आणि १९७० सालच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेले नसते, त्यामुळे जोडणी नाकारली जाते. निदान त्याची नोंद लॉगमध्ये तरी सापडते. वायरगार्डच्या बाबतीत तेवढाही मागमूस राहत नाही: प्रत्येक हँडशेकवर (जोडणीच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीवर) वेळेचा शिक्का असतो, आधीच्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला की समोरचा सर्व्हर तो निमूटपणे टाकून देतो, आणि आपल्याला केवळ पाठवलेल्या बाइट्सचा आकडा वाढताना व आलेल्यांचा शून्यावर अडलेला दिसतो.

आता यातला पेच पाहा. वेळ दुरुस्त करण्यासाठी इंटरनेट हवे. सर्व वाहतूक टनेलमधूनच जावी असे आपण बजावून ठेवलेले असते. आणि घड्याळ चुकल्यामुळे टनेल उभेच राहत नाही. यावर उपाय असा की राउटरची स्वतःची वेळेची विचारणा टनेलबाहेरून जाऊ द्यावी आणि वेळेच्या सर्व्हरचे नाव शोधण्याची सोयही टनेलवर अवलंबून ठेवू नये. टाइम झोन चुकीचा असल्याने हे घडते असा समज आहे, तो खरा नाही. ही तुलना जागतिक वेळेनुसार होते, त्यामुळे साडेपाच तासांच्या फरकाने केवळ लॉग वाचताना गोंधळ उडतो.

मुंबईत वीज सहसा जात नाही, आणि १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस अपवाद म्हणूनच लक्षात राहतो. नेमक्या याच कारणाने हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो आणि मग सोसायटीत मीटरचे काम निघते त्या दिवशी उघडा पडतो. म्हणून व्हीपीएन बसवून झाल्यावर राउटरचा प्लग स्वतःहून काढावा, दहा मिनिटे थांबावे, पुन्हा लावावा आणि कशालाही हात न लावता टनेल परत उभे राहते की नाही ते पाहावे. ही चाचणी झाल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.

‘जोडले गेले’ म्हणजे झाले, असे समजणे

हँडशेक होतो, पिंगला (जोडणी तपासणाऱ्या लहानशा हाकेला) उत्तर येते, काही संकेतस्थळे उघडतात, काही मात्र गोल फिरत राहतात. व्हॉट्सॲपवर मजकूर जातो पण फोटो अडकतो. असे लक्षण दिसले की सर्व्हर बदलत बसण्याऐवजी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासावा. व्हीपीएन म्हणजे पाकिटात घातलेले पाकीट. बाहेरच्याचे माप ठरलेले असेल तर आतले लहान घ्यावेच लागते. साध्या जोडणीत हे माप १५०० बाइट असते आणि युजरनेम-पासवर्डवर चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत १४९२. वायरगार्ड स्वतःसाठी आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइट घेते व एरवी १४२० हे माप धरून चालते. पीपीपीओईवर सर्व्हरचा पत्ता आयपीव्ही४ असेल तर १४२० निभावून जाते. तोच आयपीव्ही६ असेल तर बेरीज १५०० होते, ८ बाइट जास्त ठरतात आणि मोठी पॅकेट वाटेत हरवतात. तिथे १४१२ ठेवावे.

कधी कधी इमारतीपर्यंत येणाऱ्या वाटेत आणखी एखादी यंत्रणा बसलेली असते आणि एवढेही पुरत नाही. अशा वेळी संगणकावरून ‘तुकडे करू नयेत’ हा पर्याय लावून पिंग पाठवावे आणि उत्तर येईपर्यंत आकार कमी करत जावे. जो आकार पार होतो त्यात २८ मिळवले की त्या वाटेचे माप मिळते. हीच चाचणी टनेल बंद ठेवून केल्यास खालच्या जोडणीचे माप कळते आणि त्यातून ६० किंवा ८० वजा करता येतात. राउटरमध्ये ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ असा, पॅकेटचा आकार आपोआप आवरणारा, पर्याय असल्यास तोही चालू करावा. ऑफिसचा लॅपटॉप घरच्या टनेलच्या आत स्वतःचे आणखी एक टनेल उघडतो, तेव्हाही हेच दुखणे उद्भवते. असा लॅपटॉप राउटरच्या व्हीपीएनमधून वगळणे उत्तम.

अँटेना मोजून राउटर घेणे

लॅमिंग्टन रोडवर राउटर घेताना आठ अँटेनांचा डबा पाहून भुलू नये. एन्क्रिप्शनचे काम प्रोसेसर करतो, अँटेना नव्हे. ओपनव्हीपीएन पारंपरिक पद्धतीत एकाच कोअरवर चालते, त्यामुळे ३०० एमबीपीएसच्या जोडणीवर जुना राउटर वीस-तीस एमबीपीएसपाशी दमतो आणि दोष फायबर कंपनीला दिला जातो. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल ५.६ पासून कर्नलचाच (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचाच) भाग आहे आणि त्याची एन्क्रिप्शन पद्धत एईएस या दुसऱ्या एन्क्रिप्शन पद्धतीची खास सोय नसलेल्या साध्या प्रोसेसरवरही वेगाने चालते. दोन्ही पर्याय उपलब्ध असतील तर तेच निवडावे. पीपीटीपी ही जुनी व्हीपीएन पद्धत कोणत्याही राउटरवर दिसली तरी वापरू नये. तिची पासवर्ड पडताळणी भेदता येते हे २०१२ सालीच दाखवून देण्यात आले आहे. वेग मोजतानाही आधी टनेल बंद ठेवून, लॅन केबल लावून मोजावा. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून वाय-फायवर घेतलेला आकडा व्हीपीएनविषयी काहीच सांगत नाही.

ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर टाकून जुन्या राउटरला कामाला लावायचे असेल तर मॉडेलच्या नावाबरोबर तळाशी छापलेली हार्डवेअर आवृत्तीही जुळवून पाहावी, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आतली चिप वेगळी असू शकते. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरवर हा खटाटोप करू नये. फायबर कंपनीच्या पेटीला तर हातही लावू नये. ती तिची मालमत्ता असते.

गळती न पाहणे

टनेल आयपीव्ही४ साठी उभे केले आणि कंपनी आयपीव्ही६ ही देत असेल, तर निम्मी वाहतूक सरळ बाहेर जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. वायरगार्डच्या ‘अलाउड आयपीज’मध्ये (टनेलमधून जाणाऱ्या पत्त्यांच्या यादीत) दोन्ही प्रकारांची संपूर्ण श्रेणी लिहावी आणि सेवेकडून आयपीव्ही६ मिळत नसेल तर ते घरातील जाळ्यावर बंद ठेवावे. डीएनएसचेही (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचेही) तसेच आहे: राउटर अजून इंटरनेट कंपनीचेच डीएनएस वाटत असेल, तर आपण कोणती संकेतस्थळे पाहतो याची यादी तिच्याकडे जातच राहते. टनेल तुटल्यावर वाहतूक उघड्यावर जाऊ नये असे वाटत असेल, तर फायरवॉलमध्ये घरातून थेट वॅनकडे जाणारी वाट बंद करावी.

एकच कॉन्फिगरेशन फाइल राउटरवर आणि फोनवर वापरणे हाही नेहमीचा प्रमाद आहे. वायरगार्डमध्ये एक किल्ली म्हणजे एक उपकरण. एकच किल्ली दोन ठिकाणी असली की सर्व्हर आलटून पालटून दोघांकडे उत्तरे पाठवत राहतो आणि जोडणी सतत तुटते.

‘भारत’ असे लिहिलेला सर्व्हर भारतात आहे, असे धरणे

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक झाले आणि ती तरतूद २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. हे निर्देश आल्यावर अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले आणि भारतीय पत्ता देणारे, पण प्रत्यक्षात सिंगापूर किंवा लंडनमध्ये असलेले आभासी सर्व्हर सुरू केले. मुंबईहून सिंगापूरला जाऊन येण्यास साधारण साठ मिलिसेकंद लागतात. संकेतस्थळाचा सर्व्हर मुंबईशेजारी ऐरोलीत असला तरी पॅकेट सिंगापूरला जाऊन परत येते, म्हणजे तोच हेलपाटा दुप्पट होतो. व्हिडिओ कॉलवर बोलणे मागे-पुढे होत असेल तर आधी इथे पाहावे.

परदेशी पत्ता दिसल्यामुळे बँकेचे ॲप किंवा एखादे सरकारी संकेतस्थळ अडून बसले, तर त्यासाठी संपूर्ण व्हीपीएन बंद करण्याची गरज नसते. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात, त्याला राउटरमध्ये कायमचा आतला पत्ता द्यावा आणि त्या पत्त्याची वाहतूक टनेलबाहेरून जाईल असा नियम लिहावा. हल्लीचे फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा मॅक पत्ता (जाळ्यावरची उपकरणाची ओळख) दाखवतात आणि काही फोन तो मधूनच बदलतातही. त्यामुळे घरच्या वाय-फायपुरती ती सोय आधी बंद करावी लागते, नाहीतर नियम असूनही फोन त्यात सापडत नाही.

आणि घराबाहेर असताना टनेलमधून आत शिरून त्याच टनेलची सेटिंग बदलू नये. एक आकडा चुकला तर परतीची वाट बंद होते आणि मग घरी असलेल्या आईला फोनवरून रीसेटचे बारीक भोक शोधायला लावावे लागते. बदल करणे भागच असेल तर आधी कॉन्फिगरेशनची प्रत उतरवून ठेवावी, आणि राउटरमध्ये सोय असल्यास ठरावीक वेळात पुष्टी न मिळाल्यास जुनी सेटिंग आपोआप परत आणणारा पर्याय चालू करूनच बटण दाबावे.