अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह? आधी ‘कोणी केलं’ ते सांगायचंय का, ते ठरवा

ठाण्याच्या नौपाड्यात मी संध्याकाळी नोकरदारांची इंग्रजीची बॅच घेते. कोणी वागळे इस्टेटमधून येतं, कोणी ऐरोलीच्या आयटी पार्कमधून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी वही उघडून विचारतं, ‘‘मॅडम, अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह कसं करायचं?’’ मी म्हणते, करायचं कशाला? ‘राम ईट्स अ मँगो’चं ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ शाळेत सगळ्यांनी करून झालंय. त्यानंतर आयुष्यात एकदा तरी कोणाच्या तोंडून हे वाक्य ऐकलंय का?

शाळेनं आपल्याला उलटापालट शिकवली, पण दोन्हींतलं कुठलं कधी वापरायचं ते शिकवायचं राहिलं. दहावीच्या पेपरपुरती उलटापालट येऊ द्या, मार्क मिळतात. बाकी सगळीकडे पेन उचलण्याआधी एकच प्रश्न: हे काम कोणी केलं, ते मला सांगायचं आहे का?

सांगायचं असेल तर अ‍ॅक्टिव्ह. ‘आय सेंट द फाइल.’ विषय संपला.

पॅसिव्ह कधी? एक, करणारा माहीतच नसेल तर. ‘माय फोन वॉज स्टोलन अ‍ॅट ठाणे स्टेशन.’ चोराचं नाव माहीत असतं तर गोष्ट वेगळी. दोन, करणारा कोण ते सगळ्यांना ठाऊक असेल तर. ‘ही वॉज अरेस्टेड.’ अटक पोलिसच करणार, वेगळं कशाला सांगायचं? तीन, बोलणं केलेल्या गोष्टीबद्दल चाललेलं असेल तर. बोरीबंदर ते ठाणे रेल्वेबद्दल लिहिताना ‘द लाइन वॉज ओपन्ड ऑन १६ एप्रिल १८५३’ हेच बरं वाटतं, कारण आपलं लक्ष रेल्वेवर आहे, फीत कापणाऱ्यावर नाही. आणि चार, करणाऱ्याचं नाव घ्यायचंच नसेल तर. या चौथ्याकडे नंतर येते, तिथे खरी गंमत आहे.

वरच्या तीनही उदाहरणांत ‘बाय अमुक’ आलेलं नाही, हे लक्षात घ्या. पॅसिव्ह म्हणजे ‘बाय’ हे समीकरण डोक्यातून काढा. बहुतेक वेळा ते लागतच नाही. करणारा मुद्दाम सांगण्यासारखा असेल तेवढ्यापुरतं ठेवा.

आता बांधणी. ‘बी’चं एखादं रूप (इज, वॉज, बीन वगैरे) अधिक क्रियापदाचं तिसरं रूप, बस. काळ ‘बी’ सांभाळतो, तिसरं रूप जागचं हलत नाही. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट घ्या, तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. ‘द लिफ्ट इज रिपेअर्ड एव्हरी मंथ’: दर महिन्याला होते. ‘द लिफ्ट इज बीइंग रिपेअर्ड’: आत्ता काम चालू आहे, जिन्यानं या. ‘द लिफ्ट हॅज बीन रिपेअर्ड’: झाली, वापरा. ‘द लिफ्ट वॉज रिपेअर्ड लास्ट वीक’: गेल्या आठवड्यात झाली होती, मग आज परत का बंद आहे? ‘द लिफ्ट विल बी रिपेअर्ड’: हे आपण वर्षभर ऐकतोच. ‘द लिफ्ट मस्ट बी रिपेअर्ड’: हे जनरल बॉडी मीटिंगमध्ये म्हणायचं. एवढी सहा वाक्यं तोंडात बसली की काळांचा तक्ता पाठ करायची गरज नाही.

गाडी अडते ती ‘बी’ गाळल्यामुळे. मागे सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली: ‘टँक विल क्लीन ऑन संडे. वॉटर विल नॉट गिव्ह.’ म्हणजे रविवारी टाकीच साफसफाई करणार आणि पाणी काहीतरी द्यायला नकार देणार! सेक्रेटरी काका हाडाचे चांगले, त्यांनीच विचारलं म्हणून दुरुस्त करून दिलं: ‘द टँक विल बी क्लीन्ड ऑन संडे. देअर विल बी नो वॉटर फ्रॉम टेन टू टू.’ दुसऱ्या वाक्यात पॅसिव्ह घातलंच नाही. पाणी नाही म्हणजे नाही, साधं सांगावं.

मराठी माणसाचा खास घोटाळा वेगळाच आहे. ‘सीमाने चिठ्ठी लिहिली’ हे वाक्य व्याकरणाच्या तासाला आपण कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो. चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं, निबंध लिहिला. क्रियापद कर्माच्या मागे जातं, बरोबरच आहे. मग इंग्रजी करताना ‘ने’ दिसला की हात आपोआप ‘बाय’कडे जातो: ‘अ नोट वॉज रिटन बाय सीमा.’ चुकीचं नाही, पण उगाच. इंग्रजीत हे सरळ ‘सीमा रोट अ नोट’. मराठीतला कर्मणी आणि इंग्रजीतला पॅसिव्ह हे जुळे भाऊ नव्हेत. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचं मराठी हवं असेल तर सरकारी पत्र वाचा: ‘कळविण्यात येते’, ‘दंड आकारण्यात येईल’. कोण कळवतंय, कोण आकारतंय, पत्ता नाही.

दुसरी हमखास चूक: ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड ऑन घोडबंदर रोड.’ हॅपन, अराइव्ह, डाय, डिसअपिअर या क्रियापदांना कर्म नसतं, आणि कर्मच नाही तर पॅसिव्ह कुठून आणणार? क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारून बघा. ‘रिपेअर्ड’ म्हणजे काय दुरुस्त केलं? लिफ्ट. उत्तर आलं, पॅसिव्ह चालेल. ‘हॅपन्ड’मध्ये अपघात स्वतःच घडला, त्यानं काय किंवा कोणाला ‘घडलं’... प्रश्नच लंगडा पडतो. तेव्हा ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट हॅपन्ड’ एवढंच. याच्या उलट, जिथे ‘वॉज’ हवाच तिथे लोक खातात: ‘आय बॉर्न इन कळवा.’ नाही हो, ‘आय वॉज बॉर्न’.

आता ती चौथी गंमत. गाडी उशिरा आली की स्टेशनवर मराठीत ‘दिलगीर आहोत’ असं ऐकू येतं. ‘आहोत’ म्हटलं की त्यात ‘आम्ही’ आलंच. तीच घोषणा इंग्रजीत: ‘द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.’ त्रास कोणी दिला आणि दिलगिरी कोणाला वाटतेय, दोन्ही गायब. राजकारण्यांना हे हत्यार फार आवडतं. इराणला शस्त्रं विकल्याचं प्रकरण अंगाशी आलं तेव्हा, १९८७ साली, अमेरिकेचे अध्यक्ष रेगन तिथल्या संसदेपुढच्या भाषणात म्हणाले, ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड.’ चुका झाल्या. कोणी केल्या, ते ऐकणाऱ्यांनी शोधावं.

हे वाचून पॅसिव्ह म्हणजे लबाडी, असं समजू नका. ऑफिसात ते कामाची चीज आहे. माझ्या बॅचमधल्या एका अकाउंट्सवाल्या मुलीनं क्लायंटला मेल लिहिला होता: ‘यू डिड नॉट साइन द फॉर्म.’ व्याकरण बिनचूक, सूर मात्र भांडणाचा. आम्ही केलं: ‘द फॉर्म वॉज नॉट साइन्ड. कुड यू प्लीज साइन अँड सेंड इट?’ बोट फॉर्मकडे गेलं, माणूस सुटला, आणि काम काय करायचं ते अ‍ॅक्टिव्हमध्ये स्पष्ट राहिलं. दुसऱ्याची चूक दाखवताना पॅसिव्ह, स्वतःची कबूल करताना अ‍ॅक्टिव्ह. ‘अ मिस्टेक वॉज मेड’ म्हणणारा टाळाटाळ करतोय हे साहेबाला कळतंच. ‘आय मेड अ मिस्टेक, आय हॅव करेक्टेड इट’ म्हटलं की पुढचे तीन मेल टळतात.

इंटरव्ह्यूला जाताना तर पॅसिव्ह घरी ठेवून जा. ‘द रिपोर्ट्स वेअर प्रिपेअर्ड, द टीम वॉज ट्रेन्ड’ असं नम्रपणे बोललात की समोरचा विचारणार, यात तुम्ही काय केलंत? आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणायचा संकोच असतो, तो त्या अर्ध्या तासापुरता बाजूला ठेवा. ‘आय प्रिपेअर्ड द रिपोर्ट्स. आय ट्रेन्ड फोर न्यू पीपल.’

बारीकसारीक दोन गोष्टी. करणाऱ्या माणसाला ‘बाय’, हत्याराला ‘विथ’: ‘द लॉक वॉज ब्रोकन विथ अ हॅमर.’ आणि क्रियापदाला चिकटलेलं शेपूट तोडू नका. ‘द बेबी इज लुक्ड आफ्टर बाय हर आजी’ यातला ‘आफ्टर’ राहिला तर आजी नुसतीच बाळाकडे बघत बसेल. ‘लेट द डोअर बी क्लोज्ड’ तेवढं विसरून जा. ते फक्त गाइडमध्ये सापडतं. दार लावायचं असेल तर ‘प्लीज क्लोज द डोअर’ म्हणा.