त्वचारोगाच्या अभ्यासात नाव दिलंय? या चुका टाळा

सोरायसिसच्या, म्हणजे अंगावर पोपड्यांचे लाल चट्टे येणाऱ्या आजाराच्या, अभ्यासासाठी आलेल्या एका आजींना मी विचारलं, "आजी, अंगाला काही औषध लावता का?" "नाही गं बाई, काही नाही." मी फॉर्मवर 'नाही' लिहून मोकळी झाले. पुढच्या भेटीला सोबत आलेला नातू बोलता बोलता म्हणाला, की आजी रोज रात्री करंजाच्या तेलात कापूर घालून कोपरांना चोळते. आजी खोटं बोलल्या नव्हत्या. तेलाला औषध म्हणतात, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. तेव्हापासून मी "औषध लावता का" असं विचारतच नाही. "रात्री झोपताना काय काय चोळता?" असं विचारते. मग यादी निघते.

नाशिकमध्ये त्वचारोगांच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधं माणसांवर तपासून बघण्याच्या अभ्यासांत, मी समन्वयक म्हणून काम करते. डॉक्टर तपासतात. तारखा, ट्यूबा, डायऱ्या, फोन आणि "मॅडम, आज यायला जमणार नाही" हे सगळं माझ्याकडे. अभ्यास बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच, अगदी साध्या गोष्टींवरून.

तपासणीला 'आवरून' येणं

लग्नाला निघावं तसे लोक आमच्याकडे आवरून येतात. सिन्नरकडचे एक काका पहाटे उठून कडकडीत पाण्याने आंघोळ करायचे, दगडाने घासून सगळे पोपडे काढायचे आणि वरून खोबरेल चोपडून यायचे. "डॉक्टरांपुढे असा कोंडा सांडत कसं बसायचं?" त्यांचा संकोच कळतो. पण आम्हाला मोजायचे असतात ते नेमके पोपडेच.

सोरायसिस मोजायला 'पासी' नावाचा गुणांक वापरतात, तो १९७८ मध्ये आला. डोकं, हात, धड आणि पाय असे चार भाग. प्रत्येक भागात लाली किती, जाडी किती, पोपडे किती आणि चट्ट्यांनी किती जागा व्यापली, हे बघायचं. हिशेबात डोक्याचा वाटा १० टक्के, हातांचा २०, धडाचा ३० आणि पायांचा ४०. सगळं जुळवून शून्य ते ७२ मधला एक आकडा येतो. गोळ्या-इंजेक्शनांच्या बऱ्याच अभ्यासांत हा आकडा १२ च्या खाली असेल तर प्रवेश मिळत नाही. काका पहिल्या दिवशी घासून आले आणि निकषात बसले नाहीत. याच्या उलट झालं तर जास्त वाईट. पहिल्या दिवशी कोणी तसंच आलं आणि बाराव्या आठवड्यात घासूनपुसून आलं, तर दगडाचं श्रेय औषधाच्या खात्यात जमा होतं.

तेव्हा भेटीच्या दिवशी रोजच्यासारखी आंघोळ करा, घासू नका. त्या सकाळी तेल, क्रीम, पावडर काहीच नको. हातांना मेंदी नको. नखं तपासायची असतील तर नेलपॉलिश काढून या. कपडे सैल घाला, कारण पाठीपासून पिंढरीपर्यंत सगळं बघावं लागतं. फोटो आम्ही दरवेळी त्याच भिंतीपुढे, त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून काढतो. घरून मोबाईलवर काढून पाठवलेला फोटो विचारपूस करायला ठीक आहे, नोंदीत तो धरत नाहीत.

ट्यूब रिकामी करून आणणं

ट्यूब देताना आम्ही वजन करतो, परत घेतानाही करतो. हे सांगूनच देतो, तरी हा प्रकार होतोच. सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा एक मुलगा आठवड्यानंतर ३० ग्रॅमची ट्यूब पापडासारखी चपटी करून घेऊन आला. शेपटीकडून नीट गुंडाळलेली. कंबरेवरचा चट्टा त्याच्या तळहाताएवढा. आता हिशेब बघा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढली, की साधारण अर्धा ग्रॅम मलम होतं, आणि ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. त्याच्या चट्ट्याला एका वेळी पाव ग्रॅम, दोन वेळा लावलं तर दिवसाला अर्धा, आठवड्याला साडेतीन. उरलेलं साडेसव्वीस ग्रॅम मलम गेलं कुठे?

बेसिनमध्ये. चार दिवस नाईट शिफ्ट होती, लावायचं राहून गेलं, मॅडम रागावतील म्हणून येण्याच्या आदल्या रात्री पिळून टाकलं. मी खरंच रागावले, पण मलम न लावल्याबद्दल नाही. चार दिवस राहिलं तर "चार दिवस राहिलं" ही नोंद आम्हाला चालते. लोक खऱ्या आयुष्यात औषध किती वेळा विसरतात, हीसुद्धा माहितीच आहे. पण ट्यूब रिकामी आणि चट्टा जसाच्या तसा असेल, तर वाचणारा काय समजेल? औषध निकामी आहे, असंच ना.

दुसरी बाजू म्हणजे वाटावाटी. नायट्याच्या अभ्यासात हे फार होतं, कारण एकाला नायटा झाला की घरात दोघा-तिघांना असतोच. एकच टॉवेल, कपडे धुताना एकच बादली. मग अभ्यासाची ट्यूब बायकोच्या मांडीला, धाकट्या भावाच्या कमरेला. असं झालं तर ज्याचं नाव नोंदलंय त्याची मात्रा कमी पडते, आणि ज्यांना कोणी तपासलेलंच नाही त्यांच्या अंगाला प्रयोगातलं औषध लागतं. त्यातली एखादी गरोदर असेल तर? घरच्यांना घेऊन या. त्यांना नेहमीचे उपचार वेगळे लिहून देतात.

आधीची मलमं लपवणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. खाज सुटली की आपण आधी मेडिकलवर जातो. तिथून तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब मिळते, त्यात बहुतेकदा एक जोरदार स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, कडेची लाली उतरते आणि माणूस खूश होतो. पण तो नायटा असेल तर आत त्याची बुरशी पसरत राहते, कारण तिच्याशी लढणारी त्वचेची प्रतिक्रियाच दाबली गेलेली असते. पुढे चट्ट्याचं गोल रूपही राहत नाही आणि डॉक्टरसुद्धा चकतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. आमच्या टेबलावर येणाऱ्या पिशव्या बघितल्या तर ती बंदी कागदावर जास्त आणि काउंटरवर कमी दिसते.

अभ्यासात घेण्याआधी म्हणूनच काही आठवडे सगळं बंद ठेवायला सांगतात. सोरायसिसमध्ये साधारणपणे मलमं दोन आठवडे आणि गोळ्या चार आठवडे. इंजेक्शनं असतील तर त्याहून जास्त. नेमकी मुदत प्रत्येक अभ्यासाच्या कागदात असते. आणि नीट ऐका, पोटातून स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका. सोरायसिस त्याने भडकू शकतो, अंगभर पू भरलेल्या पुळ्या येऊ शकतात. आधी सांगा, डॉक्टर ठरवतील. लेबल नसलेल्या पुड्यांचंही तसंच. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून दिलेल्या पुडीत कधी कधी स्टिरॉइड निघतं.

नायट्याच्या बाबतीत आज हे जास्तच गंभीर झालंय. भारतात पसरलेल्या बुरशीच्या एका जातीला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं नाव मिळालं. नावात देश घालणं आपल्याकडच्या अनेक त्वचारोगतज्ज्ञांना रुचलं नाही, मलाही नाही, पण ते राहू दे. तिच्या बऱ्याच नमुन्यांत स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइमच्या जनुकात बदल सापडतो, आणि मग टर्बिनाफिन हे पूर्वी हमखास लागू पडणारं औषध लागू पडत नाही. आता कोणती गोळी, किती दिवस, किती मात्रेत, हेच अभ्यासांतून शोधायचं आहे. तुम्ही आधी दोन महिने टर्बिनाफिन खाल्लं असेल आणि आम्हाला "पहिल्यांदाच दाखवतोय" असं सांगितलं, तर उत्तर चुकतं आणि पुढच्या माणसाला चुकीचा सल्ला जातो.

दुसऱ्या आजारांच्या गोळ्याही सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लिथियम, क्लोरोक्विन यांनी सोरायसिस वाढू शकतो.

डायरी एसटीत भरणं

रोज लिहायची औषधाची डायरी येताना बसमध्ये एकदम भरली, तर कळतं हो. एकच पेन, एकाच तिरकेपणाचं अक्षर आणि पेठ घाटात जिथे बस वळते तिथे थरथरलेली रेघ. रोज लिहायचं राहिलं तर तेवढे रकाने कोरे सोडा.

छाटणी, फवारणी आणि तारखा

द्राक्षांच्या ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीत निफाड-दिंडोरीकडची माणसं भेटीला येत नाहीत, हे मी आता गृहीत धरते. पण नाव नोंदवतानाच तुमचा छाटणीचा अंदाज सांगितलात तर तारखा जुळवता येतात. भेट ठरलेल्या दिवसाच्या काही दिवस मागेपुढे चालते, किती ते मला विचारा. न सांगता पंधरा दिवसांनी उगवलात तर ती भेट वाया जाते.

फवारणीचंही सांगाच. छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, त्यालाच पेस्टिंग म्हणतात. हातमोजे न घालता पेस्टिंग केलं तर हातांची कातडी भाजल्यासारखी सोलवटते. एका ताईंच्या हातांची अशी आग झाली आणि त्यांनी अभ्यासातल्या गोळ्या आपल्या मनाने थांबवल्या. विचारत गेल्यावर बागेतलं काम निघालं. गाजर गवताचंही तेच: उघड्या भागावर, पापण्यांवर, मानेवर पुरळ येतं आणि दोष नव्या औषधाला लागतो.

सही: न वाचता, किंवा घाबरून

काही जण अभ्यासाच्या संमतीपत्रावर न वाचता सही करतात, काहींना वाटतं सही केली म्हणजे आता सुटका नाही. दोन्ही चूक. कागद मराठीत मागा, घरी न्या, शिकलेल्या मुलीला वाचायला द्या. सही केल्यावर त्याची प्रत तुमच्या हातात मिळायलाच हवी, क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांत तसं लिहिलंय. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि नेहमीचे उपचार त्यामुळे बंद होत नाहीत. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचारांचा खर्च आणि भरपाईची तरतूद त्याच नियमांत आहे. त्या कागदावर नैतिकता समितीचा, म्हणजे अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन असतो. आमच्याबद्दल तक्रार असेल तर तिथे करा, मला विचारून नव्हे.

अभ्यास खरा आहे ना, हे बघायचं असेल तर सीटीआरआय क्रमांक विचारा. ही देशाची ट्रायल नोंदवही २००७ पासून आहे, जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली, आणि मोबाईलवर कोणालाही फुकट शोधता येते. क्रमांक विचारल्यावर कोणी चिडलं तर चप्पल घाला आणि निघा. औषधाचे पैसे मागितले, तरी तेच.

आणि बाहेरच्या बाकावर बसून "तुझी ट्यूब कसल्या वासाची?" हे नको. एका गटाला नुसतं बेस क्रीम, म्हणजे औषध न घातलेलं क्रीम, मिळत असेल, तर ते कोणाला हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. नुसत्या बेसनेही कोरडी त्वचा मऊ पडते, म्हणून वासावरून आणि गुणावरून लावलेले अंदाज हमखास फसतात.

गडबड झालीच तर

एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट नको. अंगभर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, ताप यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा. गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर स्ट्रिपचा फोटो पाठवा. दिवस गेल्याची शंका आली तर त्याच दिवशी सांगा.

करंजाच्या तेलाच्या आजी पुढच्या भेटीला कापडी पिशवी घेऊनच आल्या. मी सांगितलं होतं, घरातलं जे जे अंगाला लागतं ते सगळं आणा. टेबलावर एकेक मांडत गेल्या: तेलाची बाटली, कापराची डबी, शेजारणीने दिलेली अर्धी ट्यूब, कडुनिंबाचा साबण, त्र्यंबकच्या जत्रेतून आणलेली पुडी, आणि तळाला आमचीच ट्यूब, सील न फोडलेली. "ही चांगली दिसली," त्या म्हणाल्या, "म्हणून जपून ठेवली."