मोतीबिंदूचं ऑपरेशन शिकताय? या चुका टाळा

डोळ्यांची सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांची नवीन बॅच आली की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, फेको कधी मिळणार?" फेको म्हणजे मशीनच्या प्रोबने मोतीबिंदू आतच फोडून शोषून घेणं. टनेल, म्हणजे डोळ्याच्या भिंतीतून आत जायचा बोगदा, अजून धड होत नाही, डाव्या हाताचं काय करायचं ते कळत नाही, पण फेको हवं. माझं मत स्पष्ट आहे, एसआयसीएस, म्हणजे मशीनशिवाय टनेलमधून हाताने मोतीबिंदू काढायचं ऑपरेशन, हातात बसल्याशिवाय फेकोच्या मशीनला हात लावू नका. फेको अर्ध्यावर अडली की शेवटी या टनेलच्या ऑपरेशनवरच यावं लागतं, आणि आपल्याकडे खेड्यापाड्यातून पिकून दगड झालेले तपकिरी मोतीबिंदू अजून येतात, तिथे हेच ऑपरेशन कामाला येतं.

टनेलमध्ये सगळ्यात जास्त घाई होते, कारण सगळ्यांना लवकर "आत" जायचं असतं. लिंबसच्या (बुबुळ आणि पांढरा भाग जुळतो ती कड) 1.5 ते 2 मिमी मागे, 6 ते 6.5 मिमीचा फ्राऊन (उलट्या वळणाचा) कट, स्क्लेराच्या (डोळ्याचा पांढरा भाग) साधारण अर्ध्या जाडीत, हे पाठ सगळ्यांचं असतं. पण बघायचं काय ते कोणी बघत नाही. क्रिसेंटचं, म्हणजे टनेल कोरायच्या चाकूचं, पातं वरच्या थरातून पुसट दिसत राहिलं पाहिजे. लख्ख दिसायला लागलं म्हणजे तुम्ही फार वर आलात, फ्लॅपला, म्हणजे त्या वरच्या थराला, भोक पडणार. दिसेनासंच झालं म्हणजे खोल गेलात, वेळेआधी चेंबरमध्ये (डोळ्याच्या पुढच्या पोकळीत) घुसणार आणि आयरिस (रंगीत पडदा) बाहेर डोकावणार. स्क्लेरा संपून कॉर्निया (पुढची पारदर्शक काच) सुरू होतो तिथे चढ लागतो, तिथे पातं सरळ ढकलायचं नाही, टाच खाली आणि टोक वर. आणि टनेल आतल्या बाजूला जास्त रुंद हवा. तोंड अरुंद ठेवून न्यूक्लियस (मोतीबिंदूचा कठीण गाभा) ओढून काढला की तो एंडोथेलियमला (कॉर्नियाचा आतला नाजूक थर) घासत येतो, मग दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर कॉर्निया धुरकट आणि पेशंट विचारतो, दिसत का नाही?

भोक पडलं किंवा आधीच आत घुसलात तर तोच टनेल रेटत नेऊ नका. दुसऱ्या टोकाकडून योग्य थरात नव्याने सुरू करा, आणि शेवटी जखम गळत असेल तर 10-0 च्या अगदी बारीक धाग्याचा टाका घ्या. "बिनटाक्याचं ऑपरेशन" म्हणून टाका घ्यायला लाजतात पोरं, मला याचा फार राग येतो. टाका नंतर काढता येतो, गळक्या जखमेतून इन्फेक्शन आत गेलं तर डोळा जातो.

आता ज्या चुकीमुळे मी हे सगळं लिहायला बसले ती. पोस्टेरियर कॅप्सूल (डोळ्यातल्या भिंगाच्या पिशवीचा मागचा पातळ पडदा) फाटली की हात बाहेर काढणं.

एका हॉस्पिटलमध्ये मी शिकवायला जायचे, तिथला हा एक हुशार रेसिडेंट, हात चांगला. फेको चालू, शेवटचा तुकडा राहिलेला. शेवटच्या तुकड्यालाच जास्त जपायचं असतं, कारण मागे कॅप्सूल दाबून धरायला काही उरलेलं नसतं, पण "झालंच आता" म्हणून नेमका तिथेच मशीनच्या पॅडलवर पायाचा जोर वाढतो. मी मायक्रोस्कोपच्या बाजूच्या आयपीसमधून बघत होते, बाहुली क्षणभर झटकन मोठी झाली आणि चेंबर एकदम खोल, ही कॅप्सूल फाटल्याची खूण. मी म्हटलं, "थांब, हात तसाच ठेव," पण तोवर त्याने घाबरून प्रोब बाहेर ओढला होता. प्रोब निघाला तसं आतलं प्रेशर गेलं, चेंबर बसला, मागचा व्हिट्रियस (डोळ्यातली जेली) पुढे आला, छोटीशी फाट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि तो तुकडा आमच्या डोळ्यांदेखत खाली बुडाला. आजोबा जागेच होते, फक्त डोळ्याला भूल, आणि हा "अरे बाप रे" म्हणाला तेही त्यांनी ऐकलं. "काय झालं डॉक्टर?" असं त्यांनी ड्रेपखालून विचारलं. पुढे रेटिनावाल्यांकडे दुसरं ऑपरेशन, मुलाचे खाडे, प्रवास, खर्च. फाट पडणं कोणालाही चुकत नाही, पण पुढचं बरंचसं त्या एका झटक्यामुळे झालं.

म्हणून क्रम अंगात मुरवा. शंका आली की फेको आणि सक्शन बंद, पाय पॅडलच्या पोझिशन 1 वर, म्हणजे फक्त पाणी चालू. प्रोबचा उजवा हात जागचा हलवायचा नाही. डाव्या हाताने चॉपर (तुकडे करायचं हत्यार) काढून साइड पोर्टमधून, म्हणजे बाजूच्या छोट्या छेदातून, व्हिस्को (घट्ट जेल) भरायचं, फाटीवर आणि तुकड्याखाली. चेंबर भरला की पाणी बंद, आणि मगच प्रोब बाहेर. मी बोकडाच्या डोळ्यांवर सराव घेते तेव्हा मध्येच "फाटली!" म्हणून ओरडते, काही फाटलेलं नसतं, पण हा क्रम पूर्ण करूनच पुढे जायचं. कंटाळतात, तरी मी सोडत नाही.

बाकीच्या थोडक्यात. रेक्सिस (कॅप्सूलच्या पुढच्या पडद्यातला गोल छेद) बाहेर पळायला लागली की ओढत राहू नका, व्हिस्को भरा, फ्लॅप उलगडून सपाट करा आणि उलट दिशेने मध्याकडे खेचा. पांढऱ्या मोतीबिंदूत ट्रायपॅन ब्लू (कॅप्सूल दिसावी म्हणून टाकायचा निळा रंग) वाचवायचा नसतो. हायड्रोनंतर, म्हणजे पाणी मारून न्यूक्लियस सुटा केल्यावर, तो फिरत नसेल तर जोर करू नका, परत पाणी मारा. स्टूल, पॅडल, फोकस हे सगळं पहिल्या कटच्या आधी. जंतुनाशक पोव्हिडोन आयोडिन 5% डोळ्यात टाकल्यावर 3 मिनिटं थांबा, घड्याळ लावून, लिस्ट कितीही मोठी असली तरी. आपल्या केसचा व्हिडिओ त्याच दिवशी बघा, चांगल्या झालेल्या केसचा सुद्धा.

आणि लेन्सची पॉवर, पेशंटचं नाव, कुठला डोळा, हे कागदावर स्वतः वाचा, सिस्टरने सांगितलं म्हणून मान डोलावू नका. पेशंटला "उजवा ना?" असं विचारायचं नाही, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे?" असं विचारा आणि त्याला हाताने दाखवू द्या.